शकुनीमामाची मांडी

पुदुत्तांगलमध्ये पोन्नुरंगमला त्याच्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं होती, एक पोस्टमन आणि दुसरा मी, इथल्या शाळेतला मास्तर. बाकी सगळं गाव त्याला मामा म्हणे. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा मामाच म्हणत. शाळा सुटली की पोरं त्याच्या मागून डावा पाय ओढत, लंगडत चालत. तो वळून बघे, तशी पोरं सरळ चालायला लागत. मग तोच चार पावलं लंगडून दाखवी आणि पोरं किंचाळत पळत सुटत.

हा मामा म्हणजे शकुनीमामा. आमच्याकडे द्रौपदी अम्मनच्या जत्रेत अठरा दिवस भारत, म्हणजे महाभारत, चालतं. दुपारी भारत सांगणारा देवळापुढच्या मांडवात बसून कथा लावतो, रात्री कूत्तूचा मेळा वेष चढवून तीच कथा नाचून दाखवतो. शेवटच्या सकाळी शेतात मातीचा दुर्योधन आडवा केलेला असतो, पंधरा माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढा. त्याची मांडी फुटली, द्रौपदीने केस बांधले, की जत्रा संपली. या सगळ्यात शकुनीचं काम पोन्नुरंगमचं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाचं, चिन्नप्पाचं होतं. मेळ्याची रीत अशी की नव्या माणसाला अम्मनसमोर उभं करायचं आणि मेळ्याच्या प्रमुखाने, म्हणजे वाद्यारने, त्याच्या कपाळाला रंगाचा अंगठा लावायचा. ज्या वेषाचा रंग लागला तो वेष जन्माचा. पोन्नुरंगमला तो मिसरूड फुटायच्या आत लागला.

बाकीचे महिने तो लव्हाळ्याच्या चटया विणायचा. अंगाने किडकिडीत, बोटं लांब आणि लव्हाळ्याच्या रंगाने कायमची जांभळट झालेली. बोलणं इतकं हळू की समोरच्याला दोनदा विचारावं लागे. हसताना तो तोंडावर हात धरायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "मांडवात मोठ्याने हसतो ना सर, तेवढं पुरतं."

मांडवात तो हसायचा तेव्हा मात्र मागच्या रांगेत झोपलेली तान्ही पोरं जागी व्हायची. फाशांचा खेळ लागला की बायका त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलीच एखादी ताकाचा तांब्या घेऊन त्याच्या दारात उभी. हे काम बहुतेक वेळा आमच्या गल्लीतल्या कन्निआत्याचं.

"घे मेल्या, घसा बसला असेल. काय ते तुझे फासे! हात झडोत तुझे."

"झडले तर तुझी चटई कोण विणून देणार, आत्या?"

"चटईचं नाव काढू नकोस. मागची चटई आठ दिवसांत उसवली. तीही तू कपटानेच विणलीस."

तो ताक पिऊन तांब्या धुऊन द्यायचा. शिवी आणि ताक हे त्याचं वर्षाचं मानधन होतं म्हणा ना.

पोन्नुरंगमला मूलबाळ नव्हतं. बायको पच्चैयम्मा, तोंडाने फटकळ, पण त्याच्या वेषाचे कपडे तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी धुतलेले तिला चालत नसत. आणि एक बहीण, अलमेलू, त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा ही मुलगी भावाच्याच कडेवर वाढली. माझ्या वर्गात ती होती तेव्हा तिच्या वेण्या घालून, तिला शाळेत सोडून मग तो लव्हाळं कापायला जायचा. त्या वेण्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या वेण्यांहून घट्ट असत. चटई विणणाऱ्याचा हात तो.

अलमेलू दिसायला देखणी. वरच्या गल्लीतल्या वेदाचलमने तिला मागणी घातली. त्याची मोगऱ्याची आणि अबोलीची शेतं होती, घर पक्कं होतं. कूत्तूवाल्याच्या घरात असं स्थळ चालून येणं म्हणजे नवलच. पण लग्नाच्या दिवशी एक गोष्ट घडली आणि ती सगळ्या गावाने पाहिली. पंगत बसताना वेदाचलमच्या घरातल्या कुणीतरी म्हटलं की वेषवाल्यांनी मागच्या अंगणात बसावं. मुलीचा बाप गोठ्याच्या बाजूला जाऊन बसला. तिकडे पानं मांडली, पण भात पोचेपर्यंत संपला. दुसरा भात चढवला आहे, चढवला आहे, असं म्हणता म्हणता वरात निघायची वेळ झाली. चिन्नप्पा लोटाभर पाणी प्यायला, त्याने मिशा पुसल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की पोट भरून जेवलो. त्याच्या मागे पोन्नुरंगम उभा होता. त्या दिवशी त्याचं तोंड मी पाहिलं आहे. त्यानंतर इतक्या वर्षांत त्याने त्या घराबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. वेदाचलम रस्त्यात भेटला की हा आधी थांबायचा, खांद्यावरचा पंचा काढून हातात घ्यायचा आणि विचारायचा, "दाजी, बरं आहे ना?"

अलमेलूला पहिला मुलगा झाला, इळंगो. आमच्याकडे मुलाचे कान मामाच्या मांडीवर टोचतात. मामाशिवाय कान टोचणं म्हणजे वराशिवाय लग्न. पोन्नुरंगम पितळेच्या ताटात कपडे, फळं, गूळ आणि सोन्याच्या दोन बाळ्या घेऊन वाजतगाजत गेला. सोनाराने सुई लावली, पोरगा रडला, मामाने तोंडात केळं घातलं, पोरगा गप्प झाला. असा हा सगळा दहा मिनिटांचा सोहळा. पण त्याच पावसाळ्यात इळंगोला ताप आला. वंदवासीला नेलं, तिथून कांचीपुरमला नेलं. मूल परत आलं ते चादरीत गुंडाळलेलं.

अलमेलूची सासू ओसरीवर बसून रडत होती. रडता रडता ती म्हणाली, "शकुनीच्या मांडीवर दिला होता. मीच दिला. कौरवांचं एक पोर तरी वाचलं का त्या मांडीवरून?"

बाई मुलखाची वाईट नव्हती. दुःखात माणूस हाताला लागेल ते उचलतो. पण ते वाक्य घराबाहेर पडलं आणि गावभर फिरलं. कुणी मुद्दाम फिरवलं नाही. विहिरीवर, न्हाव्याकडे, सगळीकडे ते आपोआप पोचलं. पोन्नुरंगमलाही पोचलं. त्याने तेवढ्यापुरतं कूत्तू सोडलं. मग वाद्यारकडे गेला. धनकोटी वाद्यार म्हणजे आडव्या बांध्याचा, पानाने तोंड लाल झालेला, मनाने मोठा माणूस.

"वाद्यार, मला दुसरा वेष द्या. विदुर द्या. कुणी दरवान द्या."

"अम्मनसमोर रंग लागलाय तुझ्या कपाळाला."

"एकदा देऊन तर बघा."

वाद्यारने दिला. विदुराचा पांढरा पोशाख चढवून पोन्नुरंगम मांडवात आला, भरल्या आवाजात नीतीचं पद धरलं. दोन ओळी झाल्या असतील. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, फासे घरी विसरलात काय?" सगळा मांडव हसला. त्याने तिसरी ओळ धरली. दुसऱ्याने ओरडून सांगितलं, "धर्मराजा, ऐकू नकोस त्याचं! काहीतरी डाव आहे!" तेव्हा दुर्योधनाच्या वेषातला माणूससुद्धा मुकुट धरून हसायला लागला. पोन्नुरंगम पद पुरं करून आत गेला. पुढच्या वर्षी तो पुन्हा शकुनी झाला.

पच्चैयम्मा मला म्हणाली, "यांच्या मांडीवर बसायला आता चटईच राहिली, सर."

अलमेलूला पुढे बरीच वर्षं काही झालं नाही. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मुलगी झाली. तेन्मोळी. गोल डोळ्यांची, कुणाकडेही हात पसरून झेपावणारी. अलमेलू तिला घेऊन देवळात जाताना वाट वाकडी करून भावाच्या दारावरून जायची. पोन्नुरंगम माग सोडून उठायचा, पण मुलीला उचलायचा नाही. उकिडवा बसायचा आणि लव्हाळ्याच्या काड्यांचा पोपट करून तिच्या हातात द्यायचा. ती त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहू बघायची. तो हळूच गुडघा मागे घ्यायचा.

मुलगी तीन वर्षांची होत आली, तसा कान टोचण्याचा विषय निघाला. जत्रा वैशाखात, कान श्रावणात टोचायचे ठरत होते. मामा कोण, हे मात्र त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

पोन्नुरंगम एका संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसला. पंच्याच्या गाठीतून त्याने दोन बाळ्या काढून दाखवल्या, मोत्याएवढ्या.

"अलमूला विचारलंस?" मी म्हटलं.

"ती म्हणते, मला काही नाही अण्णा, पण घरात..." त्याने बाळ्या पुन्हा गाठीत बांधल्या. "सर, लोकांना शकुनी अर्धाच ठाऊक आहे. आप्पा म्हणायचे, शकुनी वाईट नव्हता, तो बापाचा मुलगा होता. त्याची सगळी पदं आप्पांनी मला दिली आहेत. तुरुंगाची, भाताची, सगळी. पण ती म्हणायला कधी मिळतच नाहीत. शेवटच्या रात्री शकुनीची पाळी येईपर्यंत उजाडायला लागतं. वाद्यार आतून ओरडतो, आटप, आटप. सहदेव येतो, एक वार करतो, मी पडतो. झालं."

"मग?"

"एकदा जर लोकांनी ऐकलं ना, की तो असा का झाला..." त्याने गाठ पुन्हा चाचपली. "अलमूने ऐकलं, दाजींनी ऐकलं, तर त्यांना कळेल. मग भीती राहणार नाही. राहील का सर?"

मी म्हटलं, बघ बाबा. मलाही ते तेव्हा खरंच वाटलं.

त्या वर्षी संधी चालून आली. जत्रा अर्ध्यावर असताना भारत सांगणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज बसला. एक दुपार मोकळी राहिली. मांडव भरलेला, लोक पंखे हलवत बसलेले आणि सांगायला कुणी नाही. पोन्नुरंगम वाद्यारसमोर जाऊन उभा राहिला.

वाद्यार म्हणाला, "तुरुंग? तो तर माझ्या आज्याच्या वेळेपासून कुणी केला नाही. येतो तुला?"

"येतो."

"सगळा?"

"आप्पांनी दिलाय."

"मग कर बाबा. नाहीतरी लोक वड्यांच्या दुकानाकडे पळायला लागलेत."

त्याने रंग लावला नाही, मुकुट घातला नाही. कमरेची वेष्टी कसली, हातात एक तांदळाचा दाणा घेतला आणि दिवसाउजेडी मांडवात उभा राहिला. पुढच्या बायकांत अलमेलू बसली होती, मुलगी तिच्यासमोर जमिनीवर मातीत रेघा ओढत होती. वेदाचलम जत्रेच्या पंचांपैकी, तो खांबाला टेकून उभा होता.

पोन्नुरंगमने सांगायला सुरुवात केली. गांधारीच्या पत्रिकेत होतं, पहिला नवरा मरेल. म्हणून बाप सुबलाने लेकीचं लग्न आधी बोकडाशी लावलं, बोकड कापला आणि मग तिला आंधळ्या राजाला दिली. लेकीचं कुंकू राहावं म्हणून केलेलं कपट. कुणाला कळणार होतं? पण एक दिवस खेळताखेळता भांडण झालं आणि भीमाने दुर्योधनाला "बोकडाच्या पोरा" म्हणून चिडवलं. दुर्योधनाने छडा लावला. ज्या आजोबाने आपलं असं हसं केलं त्याला आणि त्याच्या शंभर मुलांना त्याने पाहुणे म्हणून बोलावलं आणि तळघरात कोंडलं. सोयऱ्यांना उपाशी मारलं तर पाप लागतं. म्हणून रोज माणशी भाताचं एक शीत.

इथे त्याने तळहात पुढे केला. त्यावरचा दाणा मागच्या रांगेतल्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं, पण मागची माणसं उभी राहून बघायला लागली.

"बाप म्हणाला, सगळ्यांनी खाल्लं तर सगळे मरतील. एकाने खा. जो सगळ्यात लहान, जो सगळ्यात हुशार, त्याने. मग ते शंभर दाणे मी खाल्ले. भावांसमोर बसून खाल्ले. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, मी चावत होतो. सांगा मायांनो, मी काय करायला हवं होतं?"

बायकांच्यात हुंदके सुरू झाले. कन्निआत्या पदर तोंडात कोंबून बसली होती.

शेवटी बाप मरायला टेकला. मरण्याआधी त्याने दगड घेऊन शकुनीच्या घोट्यावर घातला. प्रत्येक पावलाला तुला हा दिवस आठवेल, म्हणाला. माझ्या हाडांचे फासे कर, म्हणाला. आणि मग पोन्नुरंगम लंगडत मांडवभर फिरला. तीच लंगड, जिच्यावर पोरं हसायची. आज एक पोर हसलं नाही.

मग शेवटचं पद आलं. शकुनी सुटतो, दुर्योधन म्हणतो मामा, माझ्या घरी राहा, आणि शकुनी बहिणीच्या घरी राहायला जातो. पोन्नुरंगम मांडी घालून खाली बसला. आवाज त्याचा नेहमीचा होता, बोलण्यातला, हळू. तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

"बाप माझा पाहुणा म्हणून गेला आणि सोयऱ्याच्या दारात उपाशी मेला. मी त्या दारात हसत गेलो. पंचा काढून वाकलो. बरं आहे ना, म्हणून विचारलं. बहिणीची शंभर पोरं याच मांडीवर खेळली. एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि एकेकाला मोजला."

त्याने मांडीवर थाप मारली.

मी पुढेच बसलो होतो. अलमेलूने खाली वाकून मुलीला मातीतून उचललं आणि छातीशी धरलं. मुलगी कुरकुरली, तिच्या रेघा अर्ध्या राहिल्या होत्या. खांबाशी पाहिलं तर वेदाचलम तिथे नव्हता.

मांडव उठला तेव्हा माणसं डोळे पुसत होती. धनकोटी वाद्यारने सगळ्यांसमोर पोन्नुरंगमला मिठी मारली. "एवढं पोटात घेऊन हिंडत होतास आणि मला सांगितलं नाहीस, गाढवा!" पोन्नुरंगम त्या गर्दीतून मान उंच करून अलमेलूला शोधत होता. ती घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्निआत्या ताक घेऊन आली. तांब्या ओट्यावर ठेवला आणि परत निघाली.

"आत्या, आज शिवी नाही?"

"नको रे बाबा," ती मागे न बघता म्हणाली. "तू मनात ठेवणारा माणूस."

तो तांब्या दुपारपर्यंत ओट्यावर होता.

पच्चैयम्माने ते ऐकलं होतं. ती म्हणाली, "झालं. आजवर गावाला शकुनी लबाड वाटत होता. आता त्याचं कारण समजलं." तो मागावर बसला, पण माझ्या देखत त्याने एकही काडी पुढे सरकवली नाही.

जत्रा संपली. दुर्योधनाची मांडी फुटली, लोकांनी त्याच्या अंगाची माती पिकाला बरी म्हणून कणगीत टाकायला घरी नेली. त्यानंतर अलमेलू भावाकडे आली. एकटी. मुलगी घरी ठेवून. मी तिथेच होतो, चटई न्यायला गेलो होतो. उठायला लागलो तर तीच म्हणाली, "बसा सर, तुमच्यापुढे काही लपवायचं नाही."

ती उंबऱ्यात बसली. पायाच्या बोटाने जमीन उकरत राहिली, शाळेत उत्तर येत नसलं की करायची तशीच.

"अण्णा, एक विचारू? आमच्या लग्नात आप्पा उपाशी राहिले. ते तुला अजून आठवतं?"

"आठवतं."

"घरात हे म्हणतात, तुझ्या भावाने सगळ्या गावासमोर माझ्या तोंडावर ते मारलं. पंचा काढून बरं आहे ना विचारतो, तेसुद्धा सांगितलं."

"अगं ते पदातलं आहे! आप्पांनी दिलेलं. दाजींसाठी नव्हतं गं."

"पंचासुद्धा पदात आहे?"

तो मग म्हणाला, "पंचा नसेल. म्हणता म्हणता येतं तोंडात. मांडवात उभं राहिलं की काय येईल ते आपल्या हातात नसतं."

अलमेलूने मान हलवली. तिने ते मानलं असावं. मग तिने डोळे वर केले.

"इळंगोला मांडीवर घेतलंस ना, कान टोचताना. त्या वेळेला तुला आप्पा आठवले होते?"

 त्याने मागाकडे बघितलं, दाराबाहेर बघितलं. रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि शाळेच्या वळणाला गेली.

"नाही," तो म्हणाला.

"मग एवढा वेळ का लागला?"

"अलमू..."

"नाही, मला राग नाही." ती उठली, साडीची धूळ झटकली. "मला कुणाचाच राग नाही, अण्णा. पण आता ती मांडी घालून बसलास की मला ते मोजणंच दिसणार. मी काय करू? तूच इतकं चांगलं केलंस." आणि ती रडत रडत गेली. चपला तिथेच विसरली. पच्चैयम्माने संध्याकाळी नेऊन दिल्या.

ती गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "सर, मी खरंच आठवून बघत होतो. खोटं बोलू नये म्हणून. इतक्या वर्षांपूर्वी मनात काय होतं, चटकन कसं सांगायचं?"

श्रावणात तेन्मोळीचे कान टोचले. मांडीवर घ्यायला अलमेलूचा एक चुलतभाऊ चेन्नैहून आणला, रिक्षा चालवणारा, भला माणूस. मुलीने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, ती सुई लागायच्या आधीच रडायला लागली. पोन्नुरंगम ताट घेऊन गेला होता. मामाचं ताट परत पाठवत नाहीत, म्हणून ते घेतलं. त्याच्या बाळ्या तिच्या कानात घातल्या. तो मांडवाच्या कडेला उभा होता, हातात सोललेलं केळं. ते कुणाला द्यावं हे त्याला कळत नव्हतं. चुलतभावाने खिशातून चॉकलेट काढून मुलीला दिलं, तशी ती गप्प झाली.

पंगत मांडली. पोन्नुरंगम आणि मी मागच्या बाजूला बसायला निघालो तर वेदाचलमचा आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मेहुणे! तिकडे कुठे? इकडे, पहिल्या पानावर."

त्याने पोन्नुरंगमला हाताला धरून ओळीच्या टोकाला बसवलं. मला त्याच्या शेजारी. भात वाढणाऱ्याच्या हातून टोपली काढून घेऊन तो स्वतः वाढायला लागला. पोन्नुरंगमच्या पानावर एक ढीग, त्यावर सांबार, मग दुसरा ढीग.

"पुरे, दाजी."

"पुरे कसं? आमच्या दारात कुणी उपाशी उठलं असं पुन्हा मांडवात ऐकायला नको." लोक हसले. त्यालाही बरं वाटलं. "एकेक शीत मोजून घ्या मेहुणे, कमी पडलं तर सांगा."

पुन्हा हसू. अलमेलू पायसमचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती आत वळली.

भाचीच्या कार्यात मामा पानावर भात टाकून उठला तर ते मुलीला बाधतं, असं आमच्याकडे मानतात. पोन्नुरंगमला ते ठाऊक होतं, वेदाचलमलाही. माझ्या शेजारी तो किडकिडीत माणूस मान खाली घालून खात राहिला. पंगतीतली बाकीची पानं उठली, झाडणारी बाई केरसुणी घेऊन टोकापर्यंत आली आणि थांबली. मी माझ्या पानावर ताक भात कालवत बसलो, त्याला एकटं वाटू नये म्हणून. मध्ये एकदा त्याला उमासा आला, त्याने तोंडावर हात धरला, गिळलं आणि पुढचा घास घेतला. पानावर एक शीत ठेवलं नाही. मग त्याने पान आपल्याकडे दुमडलं. तृप्त झालेला पाहुणा दुमडतो तसं.

"जेवलात ना मेहुणे पोटभर?" वेदाचलमने हात धुवायला पाणी घालत विचारलं.

"जेवलो, दाजी. पोट भरून," तो म्हणाला, आणि बापासारख्याच मिशा पुसल्या.

वाटेत शाळेच्या वळणावर त्याने सगळं ओकून टाकलं. मी पाठीवर हात ठेवून उभा होतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दुपारची गोष्ट आजूबाजूच्या गावांत पोचली आणि तेव्हापासून धनकोटी वाद्यारच्या मेळ्याला बोलावणं येतं तेच मुळी, "तुमचा तुरुंगवाला शकुनी पाठवा" असं. पोन्नुरंगमला नाही म्हणता येत नाही. रंग कपाळाला लागलेला आहे. लोक रडतात, वाद्यार खूश होतो आणि एवढं झाल्यावर सकाळी ताक घेऊन कुणीही येत नाही. पुदुत्तांगलच्या जत्रेत तो खेळ लागतो त्या दिवशी अलमेलू देवळाकडे फिरकत नाही. तेन्मोळी सातवीत आहे, ती मैत्रिणींबरोबर येते, मागे बसते. तो आपला मामा आहे हे तिला माहीत आहे. तीही त्याला, सगळं गाव म्हणतं तसंच, मामा म्हणते.

परवा मी त्याला विचारलं, तळहातावर हल्ली दाणा घेत नाहीस का? तो काडी मागावर बसवत होता, मान वर न करता म्हणाला, "नाही सर. भात बघवत नाही."